दुभाष्याची लेक

पार्डी गाव सगळं मराठी बोलणारं, आणि तहसील, ठाणं, दवाखाना सगळं तेलुगू बोलणारं. या दोहोंच्या मधे सुधाकरराव. लहानपणी आदिलाबादच्या हॉस्टेलात राहून ते तेलुगू शाळेतून दहावी झालेले. त्यामुळे तेलुगू इतकी सफाईची, की तहसीलचा नवा कारकून त्यांना करीमनगरचाच समजायचा. कोणाची पहाणीतली, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यातली, नोंद चुकली, चला सुधाकरराव. कोणाच्या सुनेचं आधार कार्ड अडकलं, चला सुधाकरराव. स्वतःच्या पाच एकर कपाशीत तण माजलं तरी चालेल, पण शेजाऱ्याच्या अर्जासाठी हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी आठला तयार.

त्यांची एक खोड मात्र होती. मधे बोलताना ते दोन्ही बाजूंचं बोलणं तासून गुळगुळीत करायचे. साहेब म्हणाला, या मूर्खाला तीनदा सांगितलं, तर सुधाकरराव म्हणायचे, "साहेब म्हनते एक कागद राह्यला, तेवढा घेऊन या." म्हातारा खूश, साहेबही खूश. शेजारच्या दौलतच्या आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा डॉक्टर जे बोलला ते त्यांनी म्हातारीला सांगितलंच नाही. "सूज हाय, गोळ्यानं उतरते," म्हणाले. म्हातारी चार महिने हसतखेळत जगली आणि गेली. गावानं सुधाकररावांच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. माणसाला असली शाबासकी मिळू नये. मिळाली की तो तीच गोष्ट घरातही करून बसतो.

घरात तिघंच. ते, बायको मालनबाई आणि एकुलती एक लेक सुवर्णा. सुवर्णाचं शिक्षण किनवटला मामाकडे झालं, म्हणून तेलुगू तिला बाजारापुरतीच. दोन वर्षांपूर्वी तिला इंद्रवेल्लीला दिली. सासरे पांडुरंगराव निवृत्त मास्तर, नवरा विनय मंडल ऑफिसात कॉम्प्युटरवर. चांगलं घर, माणसं शब्दाची.

आणि याच चांगल्या घरापायी सुधाकररावांनी एक गोष्ट झाकून ठेवली होती. त्यांना नऊ वर्षांपासून साखरेचा आजार होता. मालनबाईंशिवाय कोणाला पत्ता नाही. गोळ्या आदिलाबादहून आणायच्या, दाढीच्या सामानाच्या डब्यात ठेवायच्या, आणि पंगतीत कोणी बुंदी वाढली तर पानात घ्यायची, नाहीतर लोक विचारतील काऊन नाही खात. आपल्याकडे रोग एका माणसाला होत नाही, खानदानाला होतो. साखरेच्या घरची पोर म्हटलं की स्थळं आल्या पावली परत जातात, हे त्यांनी भावकीत पाहिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत ते लग्न जमलं त्या दिवशी पाहुण्यांपुढे दोन पेढे खाऊन मोकळे झाले.

पंचमीला सुवर्णा चार दिवस माहेरी आली तेव्हा तिला सहावा महिना होता. बापानं हौसेनं तिला आदिलाबादला तपासायला नेलं. खाजगी दवाखाना, डॉक्टरीणबाई नव्या, खम्मम बाजूच्या. मराठी येत नव्हती, आणि हिंदी बोलायला लागल्या की त्यांचं त्यांनाच हसू यायचं.

"तुम्ही तेलुगूतच बोला मॅडम, मी सांगतो तिला," सुधाकरराव म्हणाले. वर्षानुवर्षं म्हणत आले होते तेच.

सुवर्णाला ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं होतं. आकडा आला एकशे शहाऐंशी. बाई सावकाश, समजावून बोलत होत्या. ही गरोदरपणातली साखर आहे. घाबरायचं नाही, पण सोडूनही द्यायचं नाही. भात कमी, गोड बंद, जेवल्यावर चालायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं, लागली तर सुई घ्यायची. बीपीही काठावर आहे. अशा बायकांचं बीपी पुढे चढायची भीती जास्त असते, म्हणून ते दर आठवड्याला मोजायचं. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली, तर त्याच दिवशी दवाखाना. मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला शुगर आहे का?"

"मला आहे," सुधाकरराव तेलुगूत म्हणाले. स्वतःच्या डॉक्टरशिवाय कोणापुढे ते पहिल्यांदाच हे बोलत होते, आणि लेक बाजूला बसली असताना बोलत होते, कारण तिला कळणार नव्हतं.

सुवर्णानं मात्र एक शब्द पकडला होता. "काय म्हनल्या, बाबा? शुगर म्हनल्या ना काहीतरी?"

ती दोन्ही हात पोटावर ठेवून त्यांच्याकडे बघत होती. अगदी बिनघोर. बाबा मधे आहेत म्हटल्यावर काळजी कसली? सुधाकररावांच्या डोळ्यांपुढे मात्र इंद्रवेल्लीची ओसरी आली. तिथे आता पहिला प्रश्न हाच निघणार, साखर आली कुठून? मग पेढे आठवतील. मग जन्मभर पोरीला टोमणे.

"शुगर तपासली म्हनल्या. नॉर्मल हाय," ते म्हणाले. "रक्त जरा कमी हाय. लोखंडाच्या गोळ्या बरोबर खात जाजो."

"एवढंच ना? मी तं घाबरलीच होती."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, समजलं का तिला? समजलं, असं सुधाकररावांनी सांगितलं. तपासणीचा कागद त्यांनी जमिनीच्या पासबुकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला आणि वर चेन ओढली.

त्यांना काहीच करायचं नव्हतं असं नाही. उलट सगळं आपणच गुपचूप निस्तरू असा त्यांचा हिशेब होता. सुवर्णा इंद्रवेल्लीला परत गेली तेव्हा ते रोज फोन करायचे. "भात कमी खा पोरी. जेवल्यावर अंगनात चाल. चहात साखर नोको टाकू."

"भात कमी खाल्ल्यानं रक्त कसं वाढते, बाबा?" ती खळखळून हसायची. "आत्याबाई म्हनतात दोन जीवाची हाय, पोटभर जेव. मी कोनाचं ऐकू?"

तिनं सासूचं ऐकलं. का नाही ऐकणार? सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. पाच प्रकारचं गोड, आणि सगळ्या बायकांनी आग्रहानं एकेक घास भरवलेला. महिन्याच्या तपासणीला नर्सबाईंनी बीपी पाहिलं, थोडं वर वाटलं म्हणून विचारलं, शुगरची तपासणी झाली का? सुवर्णानं ठणकावून सांगितलं, झाली, आदिलाबादच्या मोठ्या डॉक्टरणीकडे झाली, नॉर्मल आहे, माझ्या बाबांनी स्वतः विचारलं. नर्सबाईंनी तसं लिहून घेतलं. बापावर एवढा विश्वास ठेवणारी पोर सगळ्यांच्या नशिबी नसते.

दसऱ्यानंतर पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. बैठकीत पाय खाली सोडून बसली तेव्हा सुधाकररावांनी पाहिलं, पायाच्या घोट्याचं हाड दिसत नव्हतं. चेहरा भरलेला, अंगठी बोटात रुतलेली. मालनबाईंना आनंदानं काय करू नि काय नको झालं. "बाळसं धरलं माह्या पोरीनं. सासरचं पानी मानवलं," म्हणत त्यांनी तिची दृष्ट काढली. सुधाकररावांना ते बाळसं नाही हे कळत होतं.

सोमवारी दवाखान्यात नेऊ, असं त्यांनी ठरवलं. सोमवारी कापूस वेचायला बाया आल्या. पुढच्या सोमवारी जिनिंगवर गाडी न्यायची होती. पण ही सगळी निमित्तं. खरं कारण एवढंच, की डॉक्टरीणबाई विचारणार, दोन महिने कुठे होता? आणि तेही त्यांनी तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं तर सुवर्णाला सगळं कळेल. पन्नाशी उलटलेला माणूस मास्तरच्या छडीला घाबरणाऱ्या पोरासारखा दवाखाना चुकवत राहिला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच.

तिसऱ्या आठवड्यात सुवर्णाचं डोकं दुखायला लागलं. मालनबाईंनी बाम चोळला, उन्हाचा ताप म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन न्हाणीच्या दारात उभी होती. "आई, मले सगळं दोन दोन दिसून राह्यलं," म्हणाली, आणि कप सुटला. मागोमाग ती पडली. हातपाय ताठ, दातखीळ बसलेली, सगळं अंग हिसके देत होतं. मालनबाई कांदा आणायला धावल्या. सुधाकरराव पासबुक आणायला धावले.

एकशे आठची गाडी आली, आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात पोचली. दारातच एका तरुण डॉक्टरनं विचारलं, आधीची काही तपासणी? सुधाकररावांनी प्लास्टिकमधला कागद काढून दिला. त्यानं कागद वाचला, वरची तारीख वाचली, आणि मान वर करून तेलुगूत म्हणाला, "तुम्हाला तीन महिन्यांपासून माहीत होतं? आणि आज आणता?"

मालनबाईंनी नवऱ्याचा शर्ट धरला. "काय म्हनते? काय म्हनते तो?"

"म्हनते, लवकर आनलं ते बरं केलं," सुधाकरराव म्हणाले.

ते कसं निघालं तोंडातून, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. जीभ सवयीच्या वळणावर गेलेली होती. पुढे कित्येक दिवस त्यांना बाकी सगळ्यापेक्षा या एका वाक्याची जास्त लाज वाटायची.

पोट उघडून मूल काढलं. मुलगी. एक रात्र आणि अर्धा दिवस काचेच्या पेटीत जगली. सुवर्णा चार दिवस शुद्धीत नव्हती, त्यामुळे आईनं लेकीला पाहिलंच नाही. विनयनं पाहिलं, आणि सुधाकररावांनी. दाट जावळ होतं. इंद्रवेल्लीच्या माणसांना सांगितलं गेलं की बीपी अचानक चढलं. डॉक्टरांशी बोलायला मधे सुधाकररावच होते. विनयला तेलुगू चांगली येत होती, पण तो त्या दिवसांत पेटीजवळून हललाच नाही, आणि नंतर कोणाला काही विचारायचं त्याला भान राहिलं नाही.

सुवर्णा वाचली. सव्वा महिना माहेरी राहिली. एका दुपारी सुधाकरराव शेतातून आले तर ती पलंगावर बॅग उलटी करून बसलेली. समोर लाल गोळ्यांच्या पट्ट्या, बऱ्याचशा न फोडलेल्या.

"बाबा, तुमी म्हनले होते ना रक्त कमी हाय, गोळ्या खाजो." तिचा आवाज अगदी सपाट होता. "म्या नाही खाल्ल्या. खाल्ल्या की मळमळ होये. हे विचारत, तं खाल्ल्या म्हनून सांगो. खिडकीतून फेकल्याही दोनचार. माह्या पोरीले म्याच मारलं, बाबा."

हीच वेळ होती. दार उघडं, घरात तिसरं कोणी नाही, आणि लेक स्वतःच्या माथी खून घेऊन समोर बसलेली. दोन वाक्यं पुरली असती. सुधाकररावांनी तोंड उघडलंही. "नशीब, पोरी," ते म्हणाले. "आपल्या हातात काय असते?" मग ते बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवत उभे राहिले. बैलांना तहान नव्हती.

संक्रांतीच्या आधी ती सासरी गेली. महिन्याभरानं विनयचा फोन आला. तो शब्द शोधत बोलत होता. सुवर्णा कोणाशी बोलत नाही. घरी सगळ्यांना सांगून बसली आहे की बाळ तिच्यामुळे गेलं. आणि आता रोज सकाळ-संध्याकाळ लोखंडाच्या गोळ्या खाते, नको म्हटलं तरी खाते. "मामा, तुमी एकदा येऊन समजवा तिले. तुमचंच ऐकते ती," विनय म्हणाला.

त्या फोननंतर सुधाकररावांना घास गिळवेना. ज्या पोटात आता कोणी नाही त्या पोटासाठी पोर गोळ्या खात होती, आणि तेही एका खोट्या शब्दाखातर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मालनबाईंना सगळं सांगितलं. मालनबाईंनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग कपाळ बडवून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "मले तरी सांगाचं होतं. म्या तिले दिवसातून दोनदा शिरा चारला हो." त्या सोबत आल्या नाहीत. सुधाकरराव एकटेच बसमधे बसले.

इंद्रवेल्लीला पोचले तेव्हा दुपार झाली होती. रविवार असल्यानं सगळे घरी. विहीणबाई जयवंताबाई पानं घेत होत्या. पांडुरंगराव पुढे आले, हात धरून बसवलं. सुवर्णा स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. किती वाळली होती.

"मी जेवाले नाही आलो," सुधाकरराव म्हणाले. "आंधी माहं ऐकून घ्या, मंग हाकला पाहिजे तं."

आणि त्यांनी सांगितलं. जन्मात पहिल्यांदा काहीही न तासता सांगितलं. नऊ वर्षांची साखर, पेढे, एकशे शहाऐंशीचा आकडा, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या आणि आपण काय सांगितलं, मोठ्या दवाखान्याच्या दारात तो तरुण डॉक्टर काय बोलला. पुन्हा पुन्हा ते चौकटीकडे बघत होते. "रक्त कमी नव्हतं, पोरी. तसं कोनी म्हनलंच नव्हतं. गोळ्यायचा काही संबंध नाही. तुही काही चूक नाही. जे झालं ते माह्यानं झालं."

पांडुरंगराव जमिनीकडे बघत होते. सुधाकरराव शिव्यांची वाट बघत बसले. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्यांना.

जयवंताबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. पण त्या व्याह्यांना काहीच बोलल्या नाहीत. नवऱ्याकडे वळल्या. "आता तुमी काऊन गप? बोला ना. त्यायनं त्यायचं सांगितलं."

पांडुरंगरावांनी दोनदा घसा खाकरला. "मलेही हाय," ते म्हणाले. "बारा वर्सं झाले. सकाळ-संध्याकाळ सुई घेतो. फ्रिजात लोणच्याच्या बरणीमागं ठेवलेली असते. सूनबाईले शक्तीचं औषध म्हनून सांगितलं होतं." मग अगदी हळू म्हणाले, "लग्नाच्या वक्ती मले वाटलं, मास्तरचं घर साखरेचं हाय असं समजलं तं तुमी पोरगी देनार नाही."

दोन व्याही समोरासमोर बसले होते. एकमेकांच्या धाकानं एकच रोग झाकून ठेवलेले. कोणीतरी एकानं तेव्हा तोंड उघडलं असतं, तर दोघं मिळून एकाच बसनं एकाच डॉक्टरकडे गेले असते, आणि एकशे शहाऐंशी हा आकडा या ओसरीवर येऊन कोणालाच भिववू शकला नसता. सुधाकररावांना हे सगळं एकदम कळलं. बैल गेला आणि झोपा केला. त्यांनी उपरणं तोंडावर धरलं आणि ते चारचौघांत रडले.

सुवर्णा चौकटीपासून पुढे आली. रडत नव्हती ती. एकेकाकडे बघत होती. बापाकडे, सासऱ्याकडे, सासूकडे, आणि शेवटी विनयकडे. विनयनं मान खाली घातली.

"म्हनजे दोन्ही घरात हाय, आन् साऱ्यायले माहीत होतं," ती म्हणाली. "तुमी दोघं एकमेकांपासून लपवत होते ते समजलं. पन मी तं तुमच्या दोघांयच्याही घरचीच होती ना? माह्यापासून काऊन लपवलं?"



सुधाकररावांनी डोळे पुसले. लेकीला काहीतरी द्यावं, निदान शब्द तरी, असं त्यांना झालं. "पुढच्या बारीले मी सोता नेईन तुले, पोरी. पहिल्या महिन्यापासून. डॉक्टरीण जे म्हनन ते जसंच्या तसं सांगीन. तुही शप्पथ."

"नाही, बाबा." आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "पुढच्या बारीले तुमी नोका येऊ. हेही नाही. मी एकटीच जाईन. ती हिंदीत बोलो, खुनेनं बोलो, मी दहा डाव विचारीन तिले. पन माह्या पोटातलं काय हाय ते मले माह्या कानानं ऐकू द्या."

सुधाकररावांनी मान हलवली. लेक बरोबर बोलत होती, आणि तिच्यावर एवढं बोलायची वेळ यायला घरातला एक जीव जावा लागला होता. ते उठले, उंबऱ्याबाहेर येऊन चप्पल घातली, क्षणभर तसेच उभे राहिले. जयवंताबाई जेवून जा म्हणाल्या, पांडुरंगरावही म्हणाले. सुवर्णा काही म्हणाली नाही.